पोटाचा पिवळा दोरा

५ जानेवारी

विसरभोळ्या नातीला,

तुला एक आजी आहे. उंचीने बेताची, दातांनी उसनी, कानांनी अर्धी. आठवते का? नसेल आठवत तर पाकीट उलटं कर, मागे पत्ता आहे. मागच्या वेळी निघताना दारात उभी राहून तू म्हणालीस, "आजी, पोचले की लगेच लोण्याची बिस्किटं पाठवते." तू पोचलीस, हे मला कळलं. बिस्किटं अजून वाटेत आहेत. चालत येत असावीत.

फोन करू नको. फोनवर मला तुझा "हॅलो" तेवढा ऐकू येतो, पुढचं सगळं पाण्याखालून बोलल्यासारखं. हे पत्र खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले लिहितायत. त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नाही, त्यामुळे आज अक्षर चांगलं येईल. हे वाक्य लिहिताना ते थांबले होते. मी म्हटलं, लिहा, मी सांगते ते सगळं लिहायचं ठरलंय आपलं.

तुझ्या उंटाने, म्हणजे नवऱ्याने, त्यांच्या फोनवर कळवलं की आता बाळाची वाढ बघायला तुला मधूनमधून सोनोग्राफीला बोलावणार आहेत. डोकं, पोट, मांडीचं हाड, सगळ्याची मापं घेतात म्हणे. गिऱ्हाईक घरातून बाहेर पडायच्या आत त्याचं माप घेणारा शिंपी मी तरी पहिल्यांदाच ऐकला. माझा सगळा जन्म शिलाई मशीनवर गेला, तुझी आई गेल्यापासून तुझा एकेक कपडा मीच शिवला, मग या पाहुण्याचं माप मला नको?

आकडे पाठवू नको. आकडे घड्याळवाले वाचतील आणि माझ्या हातात काहीच यायचं नाही. सोबत तीन रंगांचे दोरे गुंडाळून ठेवलेत. डोक्याच्या घेराएवढा लाल काप, पोटाच्या घेराएवढा पिवळा, मांडीच्या हाडाएवढा पांढरा. त्यावर मी झबली बेतीन. एकच नियम, माप खोटं द्यायचं नाही. माझ्या गिऱ्हाइकिणी श्वास रोखून, पोट आत ओढून माप द्यायच्या आणि शिवून झालं की मलाच बोल लावायच्या. तू पोट आत ओढू नको. नाहीतरी आता जमायचं नाही.

आणि कशाची घाई करू नको. फळ पिकलं की आपण होऊन देठ सोडतं.

तुझी आजी

१४ जानेवारी

प्रिय आजी,

बिस्किटं पाठवली आहेत, बरं का! उंटाला बेकरीत पिटाळलं. तू त्याला उंट म्हणतेस हे आता दवाखान्यातही कळलंय, कारण त्या बुटक्या दारात त्याचं डोकं आपटलं आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "उंटा, वाक." लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, पण दार कुठे संपतं ते त्याला अजून कळत नाही.

काल गेलो होतो. खोलीत अंधार, एक पलंग, आणि पायथ्याशी भिंतीवर मोठा पडदा. सोनोग्राफीवालीचे हात बर्फासारखे, आणि पोटावर लावतात ते जेल त्याहून गार. मी दचकले तर आतला तुझा पाहुणाही दचकला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "घाबरला नाही, हजेरी दिली." मग त्यांनी डोक्याभोवती ठिपक्यांचा अंडाकार आखला, तसाच पोटाभोवती. मांडीचं हाड तर नुसतं चकचकीत, खडूच्या तुकड्यासारखं. भोवती पाणी पुरेसं आहे का तेही मोजलं. शेवटी आवाज ऐकवला. आजी, अगदी तुझं मशीन! तू लांब शिवण घालताना पाय भराभर मारायचीस ना, तसं. मी डोळे मिटले आणि मला तुझ्या खोलीतल्या तेलाचा वास आला.

सगळं वेळेप्रमाणे आहे. दोरे उंटाने पट्टीवर ताणून कापलेत. मी अजून चष्म्याच्या दुकानात जाते, पण आता स्टुलावर बसून लोकांना फ्रेमा दाखवते. मालक म्हणतात, बाईंचं पोट आधी येतं, चष्मा मागून.

तुझीच,
विसरभोळी

२३ जानेवारी

शहाण्या मुली,

बिस्किटं मिळाली. ती माझ्या दातांसाठी होती की घड्याळवाल्यांच्या हातोडीसाठी? मी सांगितली होती लोण्याची, तोंडात घातली की विरघळणारी. आली आल्याची, वर बदाम ठोकलेली. एक चावलं तर वरची कवळी बिस्किटातच राहिली. आता घड्याळवाले रोज चहाबरोबर दोन खातात आणि म्हणतात, छान आहेत. दुसऱ्याच्या दुःखावर माणूस असा जगतो.

दोरे मात्र बावनकशी. तिन्ही मी खिडकीशेजारच्या फळीला टाचणीने लावलेत. पिवळा दोरा गोल करून टेबलावर ठेवला आणि आत हात ठेवून बघितला. इतकं पोट! माझ्या दोन्ही पंजांत मावतंय. घड्याळवाले बघत होते, म्हणून मी नाक शिंकरलं.

पहिलं झबलं बेतलंय. कापड मऊ आहे, धुऊन धुऊन मऊ झालेलं. पुढची मापं आली की बाह्या कापीन. शिवणीत माया भरपूर ठेवलीये, पाहुणा वाढला तर सोडता येईल.

कधी आहे आता सोनोग्राफी? लगेच कळव. लगेच म्हणजे तुझं लगेच नव्हे, लोकांचं लगेच.

तुझी आजी

९ फेब्रुवारी

प्रिय आजी,

परवा जाऊन आलो. सगळं छान आहे. डॉक्टरीणबाई फार चांगल्या आहेत. हवा छान आहे. दुकानातून मी जरा लवकरच सुट्टी घेतली, तशी काही गरज नव्हती, पण घरीच बरं वाटतं. उंट रोज स्वयंपाक करतो, आणि तोही छान असतो, म्हणजे मीठ सोडून.

आता जरा जास्त वेळा बोलावलंय. सगळ्यांनाच बोलावतात शेवटी शेवटी. काळजी करू नको.

दोरे सोबत आहेत. उंट पोस्टात टाकायला निघालाय, म्हणून इथेच थांबते.

तुझी नात

१७ फेब्रुवारी

पोरी,

एका पत्रात तीन वेळा छान. तू लहानपणी गुडघा फोडून आलीस की असंच बोलायचीस.

असो. दोरे आले. लाल बोटभर वाढलाय, शाबास. पांढराही वाढला. पिवळा मात्र जुन्यावर ठेवला तर जेमतेम नखभर पुढे जातो. डोकं वाढलं, पाय वाढले आणि पोट होतं तिथेच, असं कसं होईल? हा दोरा उंटाने कापलेला दिसतो. त्याला सांग, लिफ्टची तार कापायची कात्री वेगळी आणि दोऱ्याची वेगळी. दोरा ताणून धरला, सोडल्यावर आखडला, झालं. मी माझ्या हाताखाली शिकणाऱ्या पोरींच्या बोटांवर याच चुकीसाठी पट्टी मारायचे. पुन्हा नीट कापून पाठवा. तोवर झबल्याचं पोट मी तसंच मोठं ठेवते.

बिस्किटांचं काय झालं?

तुझी आजी

ता. क. बाई, हा मजकूर मी माझा लिहितो आहे, आजींना वाचून दाखवणार नाही. कात्रीचा भाग त्यांनी हसत हसत सांगितला. पण दोरे आल्यापासून वरच्या मजल्यावर मशीनचा आवाज नाही. माझ्या दुकानात इतकी घड्याळं टिकटिकतात, तरी ती शांतता मला ऐकू येते. तुम्ही जे लिहाल ते मी जसंच्या तसं वाचेन, त्यात आपल्या पदरचं घालायला मला जमत नाही. म्हणून जे असेल ते खरं लिहा, एवढी विनंती. — घड्याळवाला

२० फेब्रुवारी

आजी,

कात्री बरोबर होती.

तुला मिळालेला तो खरा दोरा मी पाठवलाच नव्हता. मी दुसरा कापला होता, दोन बोटं लांब, असायला हवा तेवढा. पाकिटात घालून, चिकटवून उंटाच्या हातात दिलं. त्याने जिन्यात पाकीट फोडलं, माझा दोरा काढला आणि खरा घातला. काल तुझं पत्र वाचल्यावर मी त्याला विचारलं, तर मान खाली घालून म्हणाला, "पत्रात तू काय लिहितेस ते तुझं तू बघ. पण आजींना अक्षरं येत नाहीत, त्यांना दोराच येतो. दोऱ्यात मी खोटं जाऊ देणार नाही." मी संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. मग त्याच्याच खांद्यावर रडले, म्हणजे दंडावर, खांद्यापर्यंत डोकं पोचत नाही.

त्या दिवशी सोनोग्राफीवाली हसली नाही, आजी. पोटाचा अंडाकार तिने आखला, पुसला, पुन्हा आखला, तिसऱ्यांदा आखला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक चढती रेघ दाखवली, बाळाची वाढ त्या रेघेबरोबर चढत होती आणि आता खाली राहिली आहे. वारेतून बाळाला पुरेसं मिळत नाही. जे मिळतं ते बाळ आधी डोक्याला देतं, पोटाला मागे ठेवतं. म्हणून लाल दोरा वाढला आणि पिवळा राहिला.

आता आठवड्यातून दोनदा जाते. नाळेतलं रक्त कसं वाहतं ते बघतात. पडद्यावर एकामागून एक टेकड्या दिसतात, आणि दोन टेकड्यांच्या मधेही जमीन दिसली पाहिजे, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधेही रक्त पुढे जात राहिलं पाहिजे. अजून जमीन दिसते आहे, पण पूर्वीपेक्षा बारीक. बाळ हलतं, श्वास घ्यायचा सरावही करतं. मी पडद्याकडे न बघता त्या बाईच्या तोंडाकडे बघत पडून असते.

डॉक्टरीणबाई म्हणतात, सदतिसावा आठवडा पूर्ण झाला की, म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यात, कळा आणून बाळाला बाहेर काढू. प्रवाह त्याआधीच बिघडला तर त्याच दिवशी. मी त्यांना म्हटलं, पण ते एवढंसं आहे, त्याला अजून दिवस द्या ना. त्या म्हणाल्या, विचार करून सांगा. आजी, तूच म्हणालीस ना, फळ आपण होऊन देठ सोडतं? मी कच्चंच तोडलं आणि काही झालं तर? मी दुकानात उभी राहिले म्हणून तर हे झालं नसेल? तू सांगशील तसं करीन.

तुझी

२५ फेब्रुवारी

माझ्या बाळा,

आधी रागावून घेते. रागावले. झालं.

घड्याळवाल्यांनी तुझं पत्र एका दमात वाचलं आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. खरं सांगू? पिवळा दोरा हातात आला तेव्हाच मी तो तीनदा जुन्यावर ठेवून बघितला होता. पण कात्रीला दोष देता येत असताना माणूस दुसरीकडे कशाला बघेल? तू मला फसवत होतीस, मी स्वतःला, आणि दोघींच्या मधे तो उंट तेवढा सरळ उभा. त्याला म्हणावं, आजीने कात्रीचा टोमणा परत घेतला. पट्टी मारण्याचं तर नावच नाही.

आता ऐक. तू उभी राहिलीस म्हणून काही झालेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी वारेचं नाव घेतलं ना? मग तुझं कशाला घेतेस? उगीच दुसऱ्याचं बिल आपल्या नावावर फाडू नको.

आणि फळाचं. मी फळ म्हणाले तेव्हा झाड त्याला पोटभर जेवू घालतंय, असं धरून चालले होते. इथे पाहुणा ताटावर बसलाय आणि वाढप्याचा हात आखडलाय. बिचारा गुणी, तक्रार नाही करत, मिळेल तो घास डोक्याकडे पाठवतो. अशा पंगतीत यजमानाने "अजून थोडं बसा" म्हणायचं असतं का? त्याला उठवायचं, आपल्या घरी आणायचं आणि आपल्या हाताने वाढायचं. बाहेर तू आहेस, दूध आहे, चमचा आहे. आत नुसती वाट बघणं आहे.

डॉक्टरीणबाई म्हणतील त्या दिवशी जा. माझी परवानगी हवी होती ना? दिली. खरं तर ती माझ्याकडे नव्हतीच, ज्यांना पडद्यातलं कळतं त्यांच्याकडे आहे. पण तू मागितलीस, बरं वाटलं. आणि हालचाल कमी वाटली तर माझ्या पत्राची वाट बघू नको, डॉक्टरीणबाईंच्या वेळेचीही बघू नको. पायात चपला घाल आणि नीघ.

काल मी झबलं उसवलं. पोटात आत घेतलं, बाह्या आखूड केल्या. हाताला सवय आहे, कपडा लहान करायला मला काही लागत नाही. तेव्हा माझ्या कपड्यासाठी बाळाला मोठं करायची तुझ्यावर जबरदस्ती नाही. काढलेलं कापड कापून टाकलेलं नाही, आतच दुमडून ठेवलंय. लागेल पुढे.

मला भीती वाटते आहे का? घड्याळवाले, हे लिहू नका. लिहिलंत? बरं, राहू दे. वाटते. मशीन चालू आहे तोवर कमी वाटते, म्हणून काल घरातल्या सगळ्या उशांना नवे अभ्रे शिवले. आता घड्याळवाल्यांच्याही उशा मागवल्यात.

तुझी आजी

१२ मार्च

आजी, नमस्कार.

मी उंट. मला पत्र लिहायची सवय नाही, लिफ्टमध्ये आम्ही फक्त "दुरुस्ती चालू आहे" एवढंच लिहितो.

फोनवरून तुम्हाला मुख्य बातमी कळलीच आहे. बाकीचं ती सांगायला सांगते आहे, पलंगावरून, हुकूम सोडावेत तसं. ठरलेल्या दिवसाच्या आदल्या तपासणीतच ती मधली जमीन फार बारीक दिसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्या कशाला, आजच. हिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चपला घातलेल्याच आहेत."

मुलगी आहे. दोन किलोंच्या थोडी वर. रडली ती तुमच्याएवढ्या आवाजात, हे माझं नाही, हिचं वाक्य. पहिली रात्र काचेच्या उबदार पेटीत ठेवली होती, आता आईजवळ आहे. दूध ओढताना दमते, झोपते, उठवलं की पुन्हा लागते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वार लहान होती आणि जागोजागी कडक झालेली, आणखी थांबलो असतो तर बरं झालं नसतं. सोनोग्राफीवाल्या बघायला आल्या. बाळाच्या तळव्याला हात लावला तर बाळ दचकलं. त्या म्हणाल्या, "ओळखलं हिने मला."

पिवळा दोरा सोबत आहे. या वेळी पट्टीवर नाही मोजला. ती झोपलेली असताना पोटाभोवती फिरवून तिथेच कापला. नर्स हसल्या, पण त्यांनी टोक धरून दिलं.

आपला,
उंट

२० मार्च

आईसाहेब,

आता तुला असं म्हणायला हवं, निदान एक दिवस. उद्यापासून पुन्हा विसरभोळी.

फोन आला तेव्हा घड्याळवाले कुणाचं तरी घड्याळ उघडं टाकून जिना चढून आले. दारात उभे राहून नुसते हात हलवत होते. मला वाटलं, दुकानाला आग लागली. मी पाण्याची बादली उचलली. मग ते माझ्या कानाशी ओरडले, "मुलगी! दोघी बऱ्या!" बादली त्यांच्याच पायावर सांडली. त्या घड्याळाची एक स्प्रिंग अजून सापडलेली नाही आणि गिऱ्हाईक रोज येऊन बसतंय. त्यालाही मी सगळी हकीकत सांगितली, दोनदा.

उंटराव, तुमचा दोरा आला. तुमच्या कात्रीची मी जाहीर माफी मागते, घड्याळवाल्यांच्या साक्षीने. पहिला, दुसरा आणि हा, तिन्ही पिवळे मी टेबलावर शेजारी शेजारी मांडले. पहिले दोन पडद्यावरून आले, हा तिला लागून आला. एवढा वेळ फळीवर राहिला, तरी मला तो ऊबदार वाटतो. घड्याळवाले म्हणतात, शक्य नाही. मी म्हटलं, तुम्ही स्प्रिंग शोधा.

झबलं आजच टाकलंय पोस्टात. नव्या दोऱ्यावर ठेवून बघितलं, अंगाबरोबर येईल. आत दुमडलेलं कापड आहे, महिन्याभराने एकेक टाका सोड. सोडता येत नसेल तर थांब, मी येतेय. घड्याळवाल्यांनी तिकीट काढलंय. परतीचं काढू का, असं विचारत होते. मी म्हटलं, विचारून बघते, तिथे जेवायला काय मिळतं त्यावर आहे.

म्हणून शेवटचं, आणि हे विसरायचं नाही. बिस्किटं पाठव. लोण्याची. आलं नको, बदाम नको, वर काही ठोकलेलं नको, दुधात धरली की मान टाकतील अशी. डबा बेकरीतून पूर्ण भरून घे. मग त्यातली वरची दोन तू काढ आणि दुधात बुडवून आधी खा, आता तुझ्या जेवणावर आणखी एक पोट आहे. उरलेली मला पाठव. अक्षर मला येत नाही, पण मोजता येतं. दोन कमी भरली पाहिजेत.

तुझी आजी